घोडा, चाप आणि पाच स्क्रू

(१९७९ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात, शाळेच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)

माझ्या वर्गमित्रांनो, वर्गमैत्रिणींनो, आणि वर्गात असून नसल्यासारख्या मागच्या बाकावरच्या मंडळींनो,

मला यायला उशीर का झाला ते आधी सांगतो, कारण मघाशी संयोजकांनी माईकवरून ‘त्याला गेटवेला पोलिसांनी धरलंय’ असं जाहीर करून टाकलं. धरलं वगैरे काही नाही. मांडव्याच्या बोटीसाठी गेटवेला गेलो, बॅग मशीनमधून पुढे सरकली आणि मशीनवर बसलेल्या हवालदारसाहेबांचे डोळे मोठे झाले. पडद्यावर चौदा रिव्हॉल्व्हरं दिसत होती. “काका, काय आहे हे?” म्हटलं, खेळण्यातली आहेत, टिकल्यांची. “चौदा?” म्हटलं, शाळेच्या गॅदरिंगला चाललोय. माझ्या डोक्यावर उरलेल्या केसांकडे बघून त्यांनी विचारलं, “कुठल्या शाळेच्या?” मग एकेक बाहेर काढून दाखवलं. दोन बोटी गेल्या. शेवटी त्यांनी एक जड पिस्तूल हातात घेतलं, घोडा ओढला, चाप दाबला, टक् झालं आणि हवालदारसाहेब हसले. म्हणाले, “हे आमच्या वेळचं.” मग सोडलं.

ते ‘आमच्या वेळचं’ लक्षात ठेवा. आज त्याच्याबद्दलच बोलायचं आहे.

माझ्या आधी बोलणाऱ्यांनी मधुमेह आणि म्युच्युअल फंड हे दोन्ही विषय चांगले मांडले. मला त्यातलं एकही फारसं कळत नाही. मी आयटीआय केलं, टूल अँड डाय मेकरचा ट्रेड, आणि पस्तीस वर्षं मुंबईत डाय बनवल्या. डाय म्हणजे पोलादाचा साचा. त्यात वितळलेला धातू दाबाने शिरतो, क्षणात थिजतो, आणि वस्तू बाहेर पडते. नळाच्या मुठी, कपाटाच्या कड्या, स्कूटरच्या कार्ब्युरेटरची अंगं, असं सगळं बनवलं. निवृत्त झाल्यावर लोक योगासनं करतात, मी टिकल्यांची रिव्हॉल्व्हरं गोळा करायला लागलो. चोरबाजार, अब्दुल रहमान स्ट्रीट, गावोगावच्या जत्रा असं फिरतो. घरात साठच्या वर आहेत. बायको म्हणते, एवढ्यात एक खरं आलं असतं. तर आज आणलेली ही चौदा इथे टेबलावर मांडली आहेत, जुन्यापासून नव्यापर्यंत, डावीकडून उजवीकडे. भाषण झाल्यावर हातात घेऊन बघा. शाळेच्या सभागृहात पिस्तुलं मांडायला परवानगी दिली म्हणून मुख्याध्यापकांचे आभार. आपल्या वेळी नुसतं दप्तरात सापडलं तरी काय व्हायचं ते आपल्याला माहीत आहे.

पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर यातला फरक आपल्याला १९७५ मध्ये कळला. आपण तेव्हा सातवीत होतो. ‘शोले’ लागला ऑगस्टमध्ये. आपल्यापैकी एकानेच तो मुंबईला मामाकडे जाऊन बघितला होता, आणि त्याने मधल्या सुट्टीत तो सगळा करून दाखवला. त्यातला तो प्रसंग तुम्हाला आठवत असेल, गब्बर तीन गोळ्या हवेत उडवतो, तीन ठेवतो आणि चकरी गरकन फिरवतो. झालं. त्या डिसेंबरात आपल्या भोवाळ्याच्या दत्ताच्या जत्रेत एकाही पोराला नुसतं पिस्तूल नको होतं. दुकानदाराला पहिला प्रश्न एकच, “चकरी फिरते का?” बहुतेकांची फिरत नसे. चकरी नुसती दिसायला, बाजूच्या पत्र्यावर ठोकून उठवलेली. ज्याची फिरत असे त्याची किंमत दुप्पट.

पाच दिवसांची जत्रा. घरून मिळालेल्या पैशांत पाळणा, भेळ आणि पिस्तूल हे तिन्ही बसत नसे. मी पाळणा आणि भेळ केली. माझ्या बाकावरच्या सोबत्याने दोन्ही सोडून फिरत्या चकरीचं, जड, ओतीव रिव्हॉल्व्हर घेतलं. त्याचं नाव मी घेत नाही. तो तिसऱ्या रांगेत बसला आहे आणि त्याला नाव घेतलेलं आवडत नाही, हे शाळेपासूनचं आहे.

डावीकडून हे पहिलं उचलतो. हे त्याहूनही जुनं, आपल्या वडिलांच्या वेळचं म्हणा. पत्र्याचं आहे. दोन अर्धे साच्यात दाबून काढायचे, एका अर्ध्याला पत्र्याचे छोटे कान ठेवायचे, ते दुसऱ्या अर्ध्यातल्या फटीतून घालून वाकवायचे. झालं पिस्तूल. रंग सुरेख, छपाई सुरेख. पण कडा बघा, हात कापतो. कान दोन-तीनदा उघडले की तुटतात. घोडा पत्र्याचा, तो ज्यावर आपटतो ती ऐरणही पत्र्याची, त्यामुळे महिनाभरात तिला खड्डा पडायचा आणि टिकली वाजेनाशी व्हायची. तेव्हा जुनं म्हणून चांगलं असं काही नाही. आपल्या घरात जे जुनं उरलेलं दिसतं ते चांगलं होतं म्हणून उरलं, बाकीचं केव्हाच भंगारात गेलं. सत्तर वर्षांनी उरलेलं एक घड्याळ बघून आपण म्हणतो, काय घड्याळं होती तेव्हा! जी बंद पडली त्यांचा हिशोब कुणी ठेवलेला नाही.

आता हे दुसरं. वजन बघा. हेच ते त्या हवालदारसाहेबांनी उचललेलं, आणि सोबत्याने जत्रेत घेतलेलं याच जातीचं. हे जस्ताच्या मिश्रधातूचं आहे. कारखान्यात आम्ही त्याला माझॅक म्हणायचो, झॅमॅक असंही म्हणतात. जस्त, त्यात साधारण चार टक्के ॲल्युमिनियम, किंचित मॅग्नेशियम, थोडं तांबं. वितळायला चारशे अंशांच्या आतच तापमान पुरतं, म्हणून साचा टिकतो. एका साच्यातून लाखो नग निघतात. शिवाय बारीकसारीक नक्षीही जशीच्या तशी उठते. अमेरिकेत आधी बीडाची टिकली पिस्तुलं असत, एकोणिसाव्या शतकापासून. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे जस्ताच्या डाय कास्टिंगचा जमाना आला, काउबॉयचे चित्रपट आणि टीव्ही यांच्यामुळे तुफान खप झाला. तीच तऱ्हा हळूहळू आपल्याकडे आली.

यात दोन अर्धे पाच स्क्रूंनी जोडलेले आहेत. उघडून दाखवतो. हा घोडा, हा चाप. घोडा मागे गेला की त्याला जोडलेलं हे बोट वर सरकतं आणि चकरीच्या पाठीवरच्या दात्याला ढकलतं. आम्ही याला पॉल म्हणतो. चकरी एक घर पुढे जाते. खाली हा खटका तिला तिथे धरून ठेवतो. चाप दाबला की स्प्रिंग घोड्याला पुढे फेकते, ठोका बसतो. सॅम्युअल कोल्टने १८३६ मध्ये अमेरिकेत जे पेटंट घेतलं त्याचं मर्म हेच, घोडा ओढला की चकरी आपोआप फिरावी आणि जागेवर अडकावी. खेळण्यात आणि खऱ्यात फरक धातूचा, नळीचा आणि मापाचा. कल्पना तीच.

इथे थोडं विषयांतर करतो, पण ते लागणार आहे. कोल्ट कंपनीचं १८७३ चं एक रिव्हॉल्व्हर आहे, सिंगल ॲक्शन आर्मी. काउबॉयच्या कंबरेला दिसतं तेच. संग्राहक त्याच्या तीन पिढ्या मानतात. पहिली १८७३ पासून दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीपर्यंत. मग उत्पादन बंद. टीव्हीवरच्या काउबॉयमुळे मागणी वाढली म्हणून १९५६ मध्ये पुन्हा सुरू, ती दुसरी पिढी, १९७४ पर्यंत. १९७६ पासून तिसरी. म्हणजे कंपनी स्वतःच्याच जुन्या मालाची नक्कल करायला लागली. आणि पिढीगणिक काय बदललं? बाहेरून ओळखू येणार नाही. चकरीच्या मध्यात एक सुटी नळी असायची, झिजली की बदलता यायची. तिसऱ्या पिढीत ती घट्ट ठोकून बसवली. चकरी फिरवणाऱ्या बोटाची घडण बदलली. जोडणी सोपी व्हावी, कारागिराचे तास वाचावेत, हा त्यातला हेतू. गिऱ्हाइकांनी कुरकुर केली आणि पुढे बऱ्याच वर्षांनी ती नळी पुन्हा सुटी झाली.

इटलीत गोष्ट उलटी झाली. ब्रेशाजवळच्या गार्दोने व्हाल त्रोम्पिया या बंदूकवाल्यांच्या गावात १९५९ मध्ये आल्दो उबेर्तीने जुन्या अमेरिकी रिव्हॉल्व्हरच्या नकला बनवायचा कारखाना काढला. इटलीत बनलेल्या काउबॉयच्या चित्रपटांत त्यांची रिव्हॉल्व्हरं दिसतात. सुरुवातीच्या नकलांबद्दल संग्राहक सांगतात की आतले भाग मऊ, स्प्रिंगा कच्च्या, पॉल लवकर झिजायचा. पुढे संगणकावर चालणारी यंत्रं आली आणि आजची नकल त्या जुन्या नकलेपेक्षा कितीतरी चांगली बसते. आज तो कारखाना बेरेटा समूहात आहे. म्हणजे नवं ते वाईट हाही नियम नाही. प्रत्येक पिढीत कुणीतरी बसून ठरवतं की कुठला भाग सुटा ठेवायचा आणि कुठला ठोकून टाकायचा.

आता परत सातवीत.

सोबत्याचं ते रिव्हॉल्व्हर जानेवारीत, तिसऱ्या तासाला, बाकाखाली वाजलं. वाजवलं मी होतं, हे आज पन्नास वर्षांनी सांगून टाकतो. जप्त झालं त्याचं. पी.टी.च्या सरांनी ते स्टाफरूमच्या कपाटात ठेवलं आणि वार्षिक क्रीडास्पर्धांना शर्यत सोडायला काढलं. सर, तुम्ही हसताय म्हणजे तुम्हाला आठवतंय. शंभर मीटरच्या दोन फेऱ्या सुटल्या. तिसऱ्या फेरीला सरांनी हात वर केला, ‘सावधान’ झालं, आणि नुसतं खट् वाजलं. पुन्हा खट्. रेषेवरची मुलं निम्मी धावली, निम्मी उभी राहिली. स्प्रिंग तुटली होती.

सरांनी माईकवरून विचारलं, “कुणाला येतं दुरुस्त करायला?” हा सोबती, जो वर्गात कधी हात वर करायचा नाही, तो मैदानात आला. खिशातून छोटा स्क्रूड्रायव्हर काढला. तो त्याच्या खिशात कायम असायचा, वडील होडीच्या इंजिनाचं काम करायचे म्हणून. पाच स्क्रू उघडून आपल्या टोपीत ठेवले. नाक्यावरच्या सायकलवाल्याकडे पोरगा पळवला, तो जुन्या घोडीच्या स्टँडची स्प्रिंग घेऊन आला. ती फार जाड. मग कुणाच्या तरी छत्रीतल्या तारेचा तुकडा घेतला, पेन्सिलीवर तीन वेढे दिले, टोकं वाकवली, बसवली, पाच स्क्रू आवळले. दहा मिनिटं सगळी शाळा त्याच्या भोवती उभी होती. सरांनी हात वर केला, आणि अशी वाजली टिकली की पाखाडीवरची कुत्री भुंकायला लागली. सरांनी बक्षीस समारंभात ते रिव्हॉल्व्हर त्याला परत दिलं. त्या दिवशी बक्षिसं बरीच वाटली गेली, मला एवढं एकच आठवतं.

मी डाय मेकर झालो तो त्या दिवशी ठरून, असं म्हणायला छान वाटेल, पण खोटं होईल. आयटीआयमध्ये फिटरच्या जागा भरल्या होत्या म्हणून मी डाय मेकर झालो.

पुढचा भाग जरा जड आहे.

नव्वदच्या दशकात मी मुंबईच्या उपनगरात एका छोट्या कारखान्यात टूलरूमचा मुख्य होतो. मालकांनी एक दिवस टेबलावर एक टिकली रिव्हॉल्व्हर ठेवलं. हे असंच, पाच स्क्रूंचं. म्हणाले, व्यापाऱ्याला हेच हवंय, पण निम्म्या भावात. दिसायला असंच पाहिजे. मी चार दिवस त्यावर बसलो. खरं सांगतो, मजा आली. प्रश्न चांगला होता. कास्टिंगची जाडी तीन मिलिमीटरच्या आसपास होती, ती दोनच्या खाली आणली. आतल्या बाजूला बारीक बरगड्या दिल्या, म्हणजे हाताला घट्ट लागेल. एका वेळी दोन नग निघायचे तिथे चार निघतील असा साचा मांडला. आणि स्क्रू काढून टाकले. पाच स्क्रू म्हणजे पाच भोकं, पाच वेळा आटे पाडायचे, पाच वेळा आवळायचे, आणि तेवढा वेळ एक माणूस. त्याऐवजी मी एका अर्ध्याला तीन खुंट्या ठेवल्या, कास्टिंगमध्येच ओतलेल्या. त्या दुसऱ्या अर्ध्यातल्या भोकांतून आरपार जातात, वरून प्रेस दाबला की डोकी चपटी होतात. एका ठोक्यात पिस्तूल बंद. कायमचं.

मालकांनी पाठ थोपटली. दिवाळीला पाकीट जाड मिळालं. आम्ही डाय मेकर आपली खूण कुठेतरी सोडतो. मुठीवरच्या नक्षीत मी एक ठिपका जास्तीचा टाकला. कुणाला दिसणार नाही असा.

दोन-तीन वर्षांनी दत्त जयंतीला गावी आलो होतो. संध्याकाळी सोबती घरी आला, त्याचा पाच-सहा वर्षांचा मुलगा कडेवर. मुलाचे डोळे रडून सुजलेले. हातात नवं रिव्हॉल्व्हर, त्याच दुपारी जत्रेत घेतलेलं. चकरी फिरत नव्हती. सोबती ओटीवर बसला, खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, तोच, आणि पिस्तूल उलटंसुलटं करून स्क्रू शोधायला लागला. ठिपका मला लांबूनच दिसला.

तो म्हणाला, “अरे, तू यातला माणूस. कशी उघडायची रे ही?”

मी म्हटलं, “उघडत नाही ही.”

“उघडत नाही म्हणजे? बनवली तर असेल ना कुणीतरी?”

मी म्हटलं, “टाकून दे. दुसरी घे उद्या, स्वस्त असते.”

त्याने माझ्याकडे बघितलं, काही बोलला नाही, चहा घेतला, आणि गेला. बनवणारा मी आहे हे मी त्याला सांगितलं नाही. तेव्हाही नाही आणि त्यानंतर भेटलो तितक्या वेळीही नाही. आज सांगतोय, आणि माईकवर सांगतोय, कारण समोरासमोर सांगायला मला तीस वर्षांत जमलेलं नाही.

माझ्या बचावाचा एक मुद्दा आहे, तो ऐका. भाव निम्मा झाला म्हणून ज्याला पाळणा, भेळ आणि रिव्हॉल्व्हर यातून निवडावं लागायचं, त्याला तिन्ही मिळायला लागलं. ही काही लहान गोष्ट नाही. मला सातवीत मिळालं नव्हतं. पण खुंट्यांऐवजी तीन स्क्रू ठेवले असते तरी भाव फार वाढला नसता. मी हिशोब तेव्हाही केला होता. तो कुणाला दाखवला नाही, कारण कुणी मागितला नाही.

पुढच्या पिढ्या पटकन सांगतो. हे उजवीकडचे चार-पाच प्लॅस्टिकचे. आत फक्त घोडा आणि ऐरण धातूची. टिकल्यांच्या कागदी रोलऐवजी आठ टिकल्यांची तांबडी रिंग, ती चकरीत बसते आणि खरोखर फिरते. बोटाला इजा कमी, आवाज सारखा. एका बाबतीत ही पिढी आपल्या जड पिस्तुलापेक्षा नक्की चांगली आहे. १ जानेवारी २०२१ पासून लहान मुलांच्या खेळण्यांना आयएसआयचं चिन्ह सक्तीचं झालं, त्यामुळे रंगात शिसं किती, कडा किती धारदार, याला काही मर्यादा आली. आपण ज्या रंगाचे तुकडे नखाने खरवडून तोंडात घातले त्यात काय होतं, ते आता न विचारलेलं बरं. चित्रकलेच्या बाई, तुम्ही ओरडायचात ते बरोबर होतं.

आणि हे एक बघा, या काचेच्या डबीतलं. हात लावू नका, चुरा होईल. हेही जड, ओतीव, आपल्याच वेळचं. पंधरा वर्षांपूर्वी घेतलं तेव्हा अखंड होतं. आता फुगलं आहे, जाळीसारख्या भेगा पडल्या आहेत. लोक म्हणतात समुद्राची हवा. आपल्या चौलची हवा लोखंडाला खाते हे खरं, वाडीतल्या रहाटाचे खिळे विचारा. पण याचा रोग आतला आहे. माझॅकला जस्त शुद्ध लागतं. त्यात शिसं लाखात पाच भागांच्या वर गेलं की धातूच्या कणाकणांच्या मधून गंज शिरतो. ओलावा त्याला घाई करतो एवढंच. ओतणाऱ्याने भंगार वितळवून घातलं असणार, त्यात कुठेतरी शिशाचा किंवा कथलाचा तुकडा गेला. पिस्तूल बाहेर पडलं तेव्हा इतरांसारखंच चकचकीत होतं. हातात घेणाऱ्याला कळायला काही मार्ग नव्हता. त्यामुळे वजनावर जाऊ नका. ‘जड म्हणजे मजबूत’ हा आपल्या सगळ्यांचा समज आहे, हवालदारसाहेबांचाही.

नातवंडांना टिकल्या वाजवायला देत असाल तर एक कामाचं सांगतो. टिकलीत तांबडा फॉस्फरस आणि पोटॅशियम क्लोरेट असतं. शिवकाशीहून येतात बहुतेक. जळल्यावर मागे जो पांढुरका थर उरतो तो मिठाचा भाऊच, पोटॅशियम क्लोराइड. पावसाळी हवेत तो ओल धरतो आणि स्प्रिंग खातो. जुन्या काळी सैनिक रायफलची नळी उकळत्या पाण्याने धुवायचे ते याच क्षारासाठी. तेलाने तो निघत नाही, पाण्याने निघतो. तेव्हा दिवाळी झाली की गरम पाण्याने धुवा, उन्हात वाळवा, मग तेलाचा थेंब सोडा. आपण नुसतं खोबरेल ओतायचो आणि स्प्रिंग का तुटते म्हणून रडायचो. त्या क्रीडास्पर्धेतली स्प्रिंगही त्यामुळेच तुटली असेल. जत्रेपासून वाजवून ते न धुता ठेवलेलं होतं.

आता शेवटचं, चौदावं. हे टेबलावर नाही, माझ्या खिशात आहे.

गेल्या वर्षी चोरबाजारात एका टोपलीत पितळी कड्या, कुलपं आणि मोडकी खेळणी पडली होती, त्यात हे सापडलं. मुठीवर ठिपका जास्तीचा. चकरी अडकलेली, अगदी तीच तक्रार. घरी आणलं. तिन्ही खुंट्यांची डोकी ड्रिलने कापली, दोन्ही अर्धे वेगळे केले. पॉलचं टोक झिजलं होतं, आणि ते झिजणारच होतं, कारण मीच ते पातळ धरलं होतं. नवा पॉल पोलादाच्या पट्टीतून कानशीने घासून बनवला, पाणी दिलं, बसवला. खुंट्या होत्या तिथे भोकं पाडून अडीच मिलिमीटरचे आटे पाडले. कास्टिंग इतकं पातळ, की दोन ठिकाणी आटे धरेनात. तिथे आतून पितळेची बुशं बसवावी लागली. चार दिवसांत बंद करायची युक्ती काढली होती. उघडायला पाऊण महिना लागला. बायकोला वाटलं घड्याळाचं दुकान काढतोय.

तीन स्क्रूंत काम भागलं असतं, पण मी पाच टाकले आहेत.

अरे, तिसऱ्या रांगेतल्या, ऐकतोयस ना? तुझा मुलगा आता तिशी ओलांडून गेला, त्याला याचं काही नाही. पण तुझा नातू आलाय बरोबर, मघाशी टेबलाजवळ घिरट्या घालत होता. ये वर. सरांनीही यावं अशी विनंती आहे. मागच्या वेळी तुमच्याच हातून दिलं होतंत. टिकल्यांची डबी आणली आहे, पण सभागृहात वाजवायची नाही असं मुख्याध्यापकांनी बजावलं आहे, तर मैदानात जाऊ. चकरी दोनशे वेळा फिरवून बघितली आहे, अजून अडकलेली नाही. त्यातूनही अडकलीच, तर स्क्रूड्रायव्हर मी आणलेला नाही. तुझ्या खिशात असेलच.